एकांडा, सडाफटिंग आणि अर्धा कोयता

आजचा भाग एका शब्दावर आहे आणि तो शब्द तुम्ही वर्तमानपत्रात महिन्यातून एकदा तरी वाचता. पक्षात कुणाचं न ऐकणारा आमदार, पदरचे पैसे घालून वाचनालय चालवणारे निवृत्त गुरुजी, ऑफिसात कुणाबरोबर डबा न खाणारा पण काम चोख करणारा माणूस, हे सगळे आपल्याकडे 'एकांडे शिलेदार' असतात. निरोप समारंभाच्या भाषणात तर हा शब्द आला नाही तर चुकल्यासारखं वाटतं. वापरून वापरून तो इतका गुळगुळीत झालाय की त्यात एक घोडा आहे, हे आपण पार विसरून गेलोय.

घोडा म्हटलं की बारामती आणि इंदापूर आलंच. का, ते सांगतो. हे दोन्ही तालुके एका बाजूला भीमा आणि दुसऱ्या बाजूला नीरा, अशा दोन नद्यांच्या बेचक्यात आहेत. नदीकाठच्या पट्ट्याला आपण थडी म्हणतो. इंग्रजी अमदानीत आजच्या बारामती तालुक्याचं सरकारी नाव 'भीमथडी' असंच होतं. आणि याच पट्ट्यातली ती भीमथडीची तट्टं. अंगानं लहान, दिसायला बेताची, पण काटक. थोड्या वैरणीवर दिवसच्या दिवस चालणारी. "भीमथडीच्या तट्टांना यमुनेचं पाणी पाजलं" हे वाक्य आपण शाळेत असल्यापासून ऐकतो. आज तिथं घोडा दिसतो तो बहुतेक धनगर मेंढपाळांच्या तांड्याबरोबर, पाठीवर संसार घेऊन चाललेला. कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेनं अलीकडे भीमथडी ही घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंदवली. म्हणजे तीनशे वर्षं चाकरी करून झाल्यावर एकदाचं त्याचं नाव दप्तरी लागलं!

ही दप्तराची गोष्ट लक्षात ठेवा. कारण आपल्या भाषेत एकट्या माणसासाठी जे शब्द आहेत, त्यातले बरेचसे भावनेतून आलेले नाहीतच. ते हिशेबाच्या वहीतून आलेत. कुणीतरी माणसं मोजत होतं आणि मोजताना एकट्या माणसाचं काय करायचं, असा प्रश्न पडला. त्यातून शब्द निघाले.

आधी शिलेदार घेऊ. हा शब्द फारसीतून आला. सिलाह म्हणजे शस्त्र, सिलाहदार म्हणजे शस्त्र बाळगणारा. मराठी फौजेत त्याला जरा वेगळा, नेमका अर्थ आला. ज्याचा घोडा आणि हत्यार स्वतःचं, तो शिलेदार. ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळतो, तो बारगीर. दोघंही लढायचे, दोघंही मरायचे, पण फरक मालकीचा होता. बारगिराचा घोडा मेला तर सरकारचं नुकसान. शिलेदाराचा घोडा मेला तर त्याचं घर बसलं.

शिवाजी महाराजांच्या फौजेची रचना कृष्णाजी अनंत सभासदानं लिहून ठेवली आहे, जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून, १६९०च्या दशकात. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार. पाच हवालदारांचा मिळून एक जुमला. दहा जुमल्यांवर एक हजारी, पाच हजारींवर पंचहजारी आणि सगळ्यांवर सरनोबत. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. म्हणजे पाणी आणणारा आणि नाल ठोकणारासुद्धा हिशेबात धरलेला आहे. या रचनेत शिलेदार होते, पण सभासदाच्या लिहिण्यात एक धोरण स्पष्ट दिसतं: पागा बळकट ठेवायची, म्हणजे शिलेदार तिच्या धाकात राहतात. स्वतःचा घोडा असलेल्या माणसाचा भरवसा राजाला कमी. कारण उघड आहे. ज्याचा घोडा त्याचा, त्याला रात्रीतून निघून जाता येतं.

पुढे पेशवाईत हे पारडं फिरलं. फौजा मोठ्या झाल्या, मोहिमा दूर गेल्या, सरकारी पागा पुरेनात. शिलेदार पथकं घेऊन येऊ लागले. एका पथक्याच्या हाताखाली पन्नास, शंभर, पाचशे स्वार. सरकार पथक्याशी बोलणार, पैसे पथक्याला देणार, स्वार त्याचे तो सांभाळणार. आणि या सगळ्यात एक जात उरली, जी कुठल्याच पथकात बसत नव्हती. एक माणूस, एक घोडा, एक भाला किंवा तलवार. मागे कुणी नाही, वर पथक्या नाही. तो थेट सरकारात येऊन उभा राहणार आणि म्हणणार, मला चाकरीला ठेवा. हा एकांडा.

विल्यम हेन्री टोन नावाचा एक आयरिश माणूस अठराव्या शतकाच्या शेवटी पेशव्यांच्या चाकरीत पायदळाचा अधिकारी होता. त्यानं मराठ्यांच्या रीतींवर एक लांबलचक पत्र लिहिलं, ते पुढे छापूनही आलं. त्यात मराठी घोडदळाचे तो चार भाग करतो. सरकारी खासगी पागा, शिलेदार, मग स्वतःचा घोडा-सामान घेऊन आपखुशीनं चाकरीला येणारे, आणि शेवटी पेंढारी. तिसरे ते आपले एकांडे. त्यांचा पगार घोड्याच्या किमतीवर ठरायचा, असं त्याचं निरीक्षण आहे. घोडा उमदा तर पगार चढा.

थोडं थांबून याचा अर्थ बघा. एकांडा म्हणजे एकटा, दुःखी, कुणी नसलेला माणूस नव्हे. एकांडा म्हणजे ज्याची भांडवलासकट एकट्याची नोंद होते तो. त्याच्या एकटेपणाला किंमत होती आणि ती अक्षरशः रुपयांत लिहिलेली होती. शब्दातला 'एक' हा वहीतला एक आहे.

हे फक्त आपल्याकडे झालं असं नाही. मोगलांकडे अगदी असाच एक वर्ग होता, त्यांना अहदी म्हणत. अहद म्हणजे अरबीत एक. आईन-ए-अकबरीत त्यांचं वर्णन आहे. कुठल्याही मनसबदाराच्या हाताखाली नसलेले, थेट बादशहाच्या चाकरीतले एकेकटे स्वार. त्यांचा वेगळा दिवाण, वेगळा बक्षी. मोठा मान होता. आणि आज हिंदीत 'अहदी' म्हणजे काय माहितीये? आळशी माणूस! थेट बादशहाचे चाकर, मोठं काम निघाल्याशिवाय यांना कोण हलवणार, म्हणून बसून खाणारे, असं त्याचं स्पष्टीकरण देतात. एकाच अर्थाचे दोन शब्द. दिल्लीकडचा उतरत उतरत आळशी झाला, आपला चढत चढत निरोप समारंभात पोचला. मला विचाराल तर दोन्हीकडे अन्यायच झाला, पण आपल्या एकांड्यावर जरा कमी.

आता दुसरा शब्द, सडाफटिंग. हा आपण कुणासाठी वापरतो? लग्न न झालेला, बायकापोरं नाहीत, जबाबदारी नाही, खांद्याला पिशवी अडकवली की निघाला, असा माणूस. "तुझं काय बाबा, तू सडाफटिंग." म्हणणाऱ्याच्या आवाजात थोडा हेवा असतो, थोडी कीव असते, आणि दोन्हीचं प्रमाण बोलणाऱ्याच्या घरात त्या दिवशी काय चाललंय त्यावर ठरतं.

यातला 'सडा' हासुद्धा छावणीतला शब्द. सडी फौज म्हणजे जिच्याबरोबर सामानसुमान नाही, तंबू-राहुट्या नाहीत, बाजार नाही, बायकामुलं नाहीत अशी फौज. सडा स्वार, सडी स्वारी. त्याच्या उलट शब्द बुणगे. बुणगे म्हणजे फौजेच्या मागचं ते सगळं लटांबर, न लढणारी माणसं आणि ओझी. मराठ्यांची जुनी लढण्याची रीत सडेपणाची होती. एकदम येणं, झडप घालणं, पांगणं. आणि पानिपताच्या वेळी हाच वाद झाला. बुणगे, बायका, जड सामान मागे सुरक्षित ठिकाणी ठेवा आणि सडे होऊन लढा, असं मल्हारराव होळकर आणि सूरजमल जाट यांचं म्हणणं होतं. भाऊसाहेबांनी ते मानलं नाही. १४ जानेवारी १७६१ला काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी बुणग्यांचे जे हाल झाले त्यांची तर मोजदादही नाही.

हिंदी-पंजाबीत लग्न न झालेल्या पुरुषाला 'छडा' म्हणतात, तो आपल्या सड्याचा जवळचा नातेवाईक वाटतो. फटिंग हा शेपटीला जोडलेला शब्द मात्र शिवीकडे झुकणारा आहे, निलाजरा, उनाड असा. म्हणजे सडा ही सैन्यातली स्तुती आणि फटिंग ही गावातली टीका. माणूस गावात आल्यावर दोन्ही एकत्र चिकटलं. छावणीत ज्याला ओझं नाही तो उपयोगाचा. गावात ज्याला ओझं नाही तो संशयाचा.

एकलकोंडा हा तिसरा शब्द या फौजेतला नाही, त्यामुळे त्याच्यावर फार वेळ घालवत नाही. त्यात एकल आणि कोंडणे दोन्ही ऐकू येतात. हा एकटा स्वभावानं एकटा. त्याला घोडाही नको आणि छावणीही नको.

तर मूळ प्रश्नाकडे येऊ. एकांड्याचा घोडा गेला तेव्हा एकांड्याचं काय झालं?

ऑक्टोबर १८०२. यशवंतराव होळकरांची फौज दख्खनेत उतरली. त्यांचा सरदार फत्तेसिंग माने यानं बारामतीपाशी पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला. त्याच महिन्याच्या २५ तारखेला हडपसरची लढाई झाली आणि बाजीराव पुणं सोडून पळाले. नीरा-भीमेचा सगळा मुलूख तुडवला गेला. त्याच्या पाठोपाठ १८०३-०४चा दुष्काळ. इंदापूर परगण्यात गावंच्या गावं ओस पडली. वैरण नाही, माणूस नाही, तिथं घोडा कुठून असणार?

मग १८१७ आणि १८१८. जून १८१७च्या पुणे तहात पेशव्यांच्या पैशानं इंग्रजांची घोडदळाची तुकडी उभी करायचं ठरलं. त्यातूनच पूना ऑक्झिलिअरी हॉर्स उभं राहिलं, पुढे त्याचंच पूना हॉर्स झालं. त्याचं ठाणं बराच काळ शिरूरला होतं. गंमत म्हणजे इंग्रजांनी शिलेदारीची रीत उचलली ती नावासकट. 'सिलादार' रिसाले म्हणजे जिथं स्वार आपला घोडा, आपलं सामान घेऊन येतो, किंवा त्याची रक्कम भरतो. त्या जागेला म्हणायचे 'असामी'. असामी विकत घेता येई, विकताही येई. हा असामीही अरबी. इस्म म्हणजे नाव, त्याचं अनेकवचन असामी. यादीतली नावं. तिथून आपल्याकडे "काय असामी आहे!" आला, 'बडी असामी' आली आणि पु. लं.चं 'असा मी असामी' आलं. पुन्हा तेच. माणूस म्हणजे वहीतलं नाव. पहिल्या महायुद्धानंतर घोडदळाची फेररचना झाली तेव्हा ही सिलादारी बंद झाली.

पण रिसाल्यात किती जण जाणार? बाकीचे शिलेदार, एकांडे, बारगीर गावी परतले. जमीन करू लागले. आणि इथं बारामती-इंदापूरच्या इतिहासात एक फार महत्त्वाची गोष्ट घडते. ती महसुलाच्या पुस्तकात असते, म्हणून कुणी वाचत नाही.

पेशवाईत साऱ्याचा हिशेब मुख्यतः गावाशी होता. गावाचा आकडा ठरायचा, पाटील-कुलकर्णी तो आत वाटायचे. यात पाटलाची मनमानी होती, लहान माणसाचं नुकसान होतं, नाही असं नाही. पण सरकार आणि कुणबी यांच्यामध्ये गाव उभं होतं. इंग्रजांनी रयतवारी आणली. सरकार आणि रयत, मध्ये कुणी नको. आधी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं जमिनी मोजल्या आणि दर बसवले. ते इतके चढे निघाले की शेतकरी जमिनी टाकून जाऊ लागले. मग गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्यानं मोजणी केली. मुंबई इलाख्यातली ही नवी पद्धत पहिल्यांदा कुठं लागू झाली? इंदापूर तालुक्यात, १८३६ला. दर कमी केले, तीस वर्षांसाठी कायम केले. ओस जमिनी पुन्हा लागवडीला आल्या. हे त्यांचं श्रेय आहे, ते द्यायला हवं.

या मोजणीत सर्व्हे नंबर पाडताना एक माप मनाशी धरलेलं होतं. एका बैलजोडीला जेवढं रान हाकता येईल तेवढं. आणि प्रत्येक नंबरासमोर एक नाव, खातेदाराचं. म्हणजे जमीन जोडीनं मोजली आणि माणूस एकटा लिहिला. इंदापूरचा कुणबी त्या दिवशी सरकारी वहीत एकांडा झाला. फक्त याच्याकडे घोडा नव्हता. रात्रीतून निघून जायची सोय नव्हती. जमीन घेऊन कुठं जाणार?

सरकारचा सारा रोख आणि ठरल्या हप्त्याला. पाऊस मात्र बारामती-इंदापूरचा, म्हणजे आला तर आला. मग खातेदार एकटा सावकाराच्या ओट्यावर. पूर्वी सावकार गावाला भिऊन असे, आता त्याच्या हातात खतं होती आणि मागे दिवाणी कोर्ट होतं. कर्ज एकेकट्याच्या नावावर, हुकूमनामा एकेकट्यावर, जप्ती एकेकट्याच्या दारात. त्यात अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापसाचा भाव पडला, आणि तीस वर्षांची मुदत संपल्यावर फेरमोजणीत सारा वाढला. फेरमोजणी पहिल्यांदा कुठं झाली असेल? जिथं पहिली मोजणी झाली तिथंच. इंदापुरात.

१२ मे १८७५. भीमथडी तालुक्यातलं सुपे, आज ते बारामती तालुक्यात आहे. बाजाराचा दिवस. आसपासच्या गावांतले शेतकरी बाजाराला आलेले. त्या संध्याकाळी सावकारांच्या पेढ्यांवर आणि दुकानांवर जमाव चालून गेला. त्यांना मुख्यतः हवी होती ती खतं आणि चोपड्या. त्या मिळाल्या तिथं जाळल्या. पुढच्या दिवसांत हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. सरकारनं आयोग नेमला, १८७९ला शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा आला. या दंग्यांत रक्तपात फार कमी झाला. राग माणसांपेक्षा कागदावर होता. ज्या वहीनं एकेकट्याला लिहून ठेवलं होतं, ती वही हजार हातांनी जाळली. मला हा प्रसंग आपल्या आजच्या विषयाच्या मधोमध बसलेला वाटतो, म्हणून एवढा वेळ त्याच्यावर घेतला.

त्यानंतर दहा वर्षांनी, १८८५च्या सुमारास, नीरा डावा कालवा सुरू झाला. भाटघरच्या धरणाचं पाणी बारामती-इंदापूरच्या माळावर आलं. पाण्याबरोबर ऊस आला, गुऱ्हाळं आली, मग कारखाने आले. वालचंदनगरचा खासगी कारखाना १९३०च्या दशकातला. सहकारी कारखाने स्वातंत्र्यानंतरचे, माळेगाव, भवानीनगरचा छत्रपती, सोमेश्वर आणि पुढचे. ज्या थडीवर घोडी चरायची तिथं ऊस उभा राहिला.

ऊस तोडायला माणसं कुठून आली? दिवाळीच्या आगेमागे बीड, नगर आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून ट्रॅक्टर-ट्रॉल्या भरून येतात ती. फडाच्या कडेला कोप्या पडतात. आणि या माणसांची मोजणी कशात होते? कोयत्यात.

एक कोयता म्हणजे दोन माणसं, बहुतेक वेळा नवरा-बायको. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं पाचट काढायचं, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन गाडी भरायची. मुकादमाकडून हंगामाआधी मिळणारी रक्कम, म्हणजे उचल, ही कोयत्याला मिळते. टोळी किती मोठी? इतक्या कोयत्यांची. आणि एखादा माणूस जोडीदाराशिवाय आला तर? त्याला शब्द आहे. अर्धा कोयता.

मंडळी, हा शब्द पहिल्यांदा कळतो तेव्हा काहीतरी टोचतं. पेशवाईच्या वहीत एकटा माणूस पूर्ण एक होता, घोड्याच्या किमतीनं चढणारा एक. त्याच मुलखात, दोनशे वर्षांनी, एकट्या माणसाची नोंद निम्मी. उचलही निम्मी. माणूस तोच, दोन हात, दोन पाय. मधल्या काळात घोडा गेला, एवढंच. आणि पूर्ण कोयत्यातही, उचल हातात पडते ती बहुतेक ठिकाणी नवऱ्याच्या. बायको मोळी वाहते, पहाटे उठून भाकऱ्या थापते, पण व्यवहारात ती कोयत्याच्या आत असते. वेगळं नाव नाही.

आता बाई एकटीच असेल तर? नवरा गेला, किंवा नवऱ्यानं सोडलं. बाई कामाला वाघ असली तरी मुकादमाचा पहिला प्रश्न असतो, जोडीला कोण? मग भाऊ, पोरगा, दीर, कुणीतरी सोबत घ्यावा लागतो. चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा शाळा सोडून आईच्या कोयत्याचा दुसरा अर्धा होतो. शाळा सुटण्याचं कारण कुणाच्या रजिस्टरात असं लिहिलं जात नाही, पण कारण हे असतं.

इथं भाषेकडे परत बघा. एकट्या पुरुषाचे शब्द काय सांगतात? एकांडा म्हणजे त्याच्याकडे स्वतःचं काय आहे. सडा म्हणजे त्यानं काय मागे ठेवलं. एकट्या बाईचे शब्द काय सांगतात? विधवा, टाकलेली, सोडलेली. म्हणजे तिला कुणी ठेवलं नाही. पुरुष सडा होतो, बाई सोडली जाते. जुन्या वापरातले आणखी दोन-तीन शब्द आहेत, ते शिव्याच आहेत, इथं उच्चारत नाही. आणि 'एकांडी' हा शब्द आपण वापरतो तो 'एकांडी शिलेदारी' असं म्हणताना, बाईसाठी म्हणून नाही.

संगमनेरला १९८८ साली समता आंदोलनाच्या पुढाकारानं परित्यक्तांची परिषद भरली. ॲडव्होकेट निशा शिवूरकर त्या कामात पुढे होत्या. टाकलेल्या बायका एका मांडवात जमल्या आणि आपापलं बोलल्या. त्या काळात ही मोठी गोष्ट होती, कारण विधवेची निदान गावाला दया येते, टाकलेलीत मात्र काहीतरी खोट असणार असंच धरलं जातं. परित्यक्ता हा संस्कृत शब्द 'टाकलेली'पेक्षा सभ्य खरा, पण अर्थ तोच. टाकणारा कर्ता त्यात लपून बसलेलाच आहे. पुढे 'एकल महिला' हा शब्द रुळू लागला. कोरोनानंतर २०२१ मध्ये महाराष्ट्रात कोरोना एकल महिला पुनर्वसन समिती उभी राहिली आणि तो शब्द गावोगावी ग्रामपंचायतीच्या फलकापर्यंत गेला. या शब्दात कुणी सोडलं, कुणी मेलं, कुणी लग्नच केलं नाही, याची चौकशी नाही. एकल म्हणजे एक.

बोलण्यात तो अजून फारसा आलेला नाही. कुठलीही बाई स्वतःविषयी बोलताना "मी एकल महिला" असं म्हणत नाही, ती म्हणते, "मी एकटीच आहे." सध्या तो अर्जातला शब्द आहे. पण एकांडाही आधी वहीतलाच होता ना? तोंडात यायला त्याला वेळ लागलाच असणार.

२०२१ मध्येच सरकारनं ऊसतोड कामगारांची ग्रामसेवकांमार्फत नोंदणी करून ओळखपत्र द्यायचं ठरवलं. नोंदणी माणसाची, कोयत्याची नाही. म्हणजे कागदावर तरी नवऱ्याचं कार्ड वेगळं, बायकोचं वेगळं. एकट्या बाईचं तर तिचं तिचंच, अर्धं नव्हे. फडात मात्र मुकादम अजून कोयतेच मोजतो आणि उचल अजून कोयत्यावरच ठरते.

पुढच्या भागात आपण बुणगे या शब्दाकडे वळणार आहोत, तो आज ओझरताच आला. तोवर एक काम करा. तुमच्या गावात, तुमच्या घरात एकट्या राहणाऱ्या माणसाला काय म्हणतात, बाईला काय म्हणतात आणि पुरुषाला काय म्हणतात, ते आम्हाला लिहून कळवा. विशेषतः नीरेच्या खालच्या अंगाला राहणाऱ्यांनी आणि ज्यांच्या घरातून कुणी कारखान्यावर गेलं आहे त्यांनी.